वाचकांचे प्रश्न : शेवर्दनाद्झे यांचे दोन राजीनामे

गेल्या अंकात जर्मनीच्या एकीकरणाविषयी लिहिताना सोव्हिएत परराष्ट्रमंत्री एदुआर्द शेवर्दनाद्झे यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली, की या वेळी सदराची सगळी जागा त्यांच्याच कारकिर्दीला द्यावी असे वाटले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एका महासत्तेचा परराष्ट्रमंत्री राहिलेला माणूस पुढे जॉर्जियासारख्या लहान आणि युद्धाने होरपळलेल्या देशाचा अध्यक्ष कसा झाला? मुळात ते मॉस्कोपर्यंत पोहोचले कसे, हेही सांगावे.

उत्तर : शेवर्दनाद्झे यांचा जन्म २५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिम जॉर्जियातील गुरिया प्रांतात, मामाती या गावी झाला. वडील शिक्षक होते. स्टालिन यांच्या राजवटीतील १९३७ च्या धरपकडीत त्यांनाही अटक झाली, परंतु पोलीस खात्यात असलेल्या त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यामुळे ते सुटले. थोरला भाऊ अकाकी १९४१ मध्ये जर्मनांशी लढताना ब्रेस्तच्या किल्ल्यावर मारला गेला. ज्या नानुलीशी त्यांनी लग्न केले, तिच्या वडिलांना ‘जनतेचा शत्रू’ ठरवून ठार करण्यात आले होते, आणि अशा घरातील मुलीशी लग्न केल्यास कम्युनिस्ट पक्षातील वाट बंद होईल, म्हणून तिने आधी नकार दिला होता. हा तपशील मी मुद्दाम देत आहे. सोव्हिएत राजवट घरात शिरून काय करू शकते हे या माणसाने पुस्तकात वाचले नव्हते, स्वतःच्या आणि सासरच्या उंबरठ्यावर पाहिले होते. तरीही विसाव्या वर्षी तो त्याच पक्षाचा सभासद झाला आणि त्याच्याच शिडीने वर चढत गेला.

चढण्याची रीत मात्र वेगळी होती. १९६५ पासून जॉर्जियाच्या अंतर्गत सुरक्षेचे मंत्री असताना त्यांनी पक्षातील बड्या अधिकाऱ्यांच्या लाचखोरीची कागदपत्रे चिकाटीने जमवली. त्या काळी जॉर्जियात महाविद्यालयातील प्रवेशापासून सरकारी पदापर्यंत बहुतेक गोष्टींना किंमत मोजावी लागे. सप्टेंबर १९७२ मध्ये पक्षाचे पहिले सचिव वासिल म्झावानाद्झे यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी चव्वेचाळीस वर्षांचे शेवर्दनाद्झे आले. नव्या सचिवाने एका बैठकीत सहकाऱ्यांना डावा हात वर करून मतदान करायला सांगितले आणि मनगटांवरची महागडी परदेशी घड्याळे सगळ्यांना दिसली, अशी एक गोष्ट जॉर्जियात सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली असेल वा नसेल, लोकांना तो माणूस कसा दिसला हे तिच्यातून कळते. शेती खात्यातही त्यांनी आबाशा जिल्ह्यात एक प्रयोग केला, ज्यात जादा पिकाचा काही वाटा शेतकऱ्यालाच मिळत असे, आणि उत्पादन वाढले.

काकेशसच्या पलीकडे, स्ताव्रोपोल प्रांतात, त्याच सुमारास मिखाईल गोर्बाचेव्ह पक्षाचे सचिव होते. दोघांची मैत्री जुनी होती. १९८४ च्या हिवाळ्यात काळ्या समुद्राच्या काठी पित्सुंदा येथे फिरताना सगळी व्यवस्था आतून कुजली आहे, असे शेवर्दनाद्झे त्यांना म्हणाले, आणि गोर्बाचेव्ह यांना ते पटले. पुढच्याच जुलैत, अठ्ठावीस वर्षे परराष्ट्र खाते सांभाळणाऱ्या आंद्रेई ग्रोमिको यांच्या खुर्चीवर गोर्बाचेव्ह यांनी या मित्राला बसवले. त्याला परदेशी भाषा येत नव्हती आणि मुत्सद्देगिरीचा अनुभवही नव्हता. कदाचित म्हणूनच त्याला निवडले असावे.

पुढची साडेपाच वर्षे विसाव्या शतकाच्या इतिहासाचा भाग आहेत. अमेरिकेशी झालेल्या डिसेंबर १९८७ च्या करारान्वये मध्यम पल्ल्याची २,६९२ क्षेपणास्त्रे दोन्ही बाजूंनी मिळून नष्ट करण्यात आली, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक सोव्हिएत होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचे सोव्हिएत सैनिक अफगाणिस्तानातून परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेवर्दनाद्झे यांनी सर्वोच्च सोव्हिएतपुढे, म्हणजे संसदेपुढे, उभे राहून सांगितले, की अफगाणिस्तानातील हस्तक्षेप नियमबाह्य होता आणि क्रास्नोयार्स्क येथील रडार केंद्र हा क्षेपणास्त्रविरोधी कराराचा भंग होता. स्वतःच्या सरकारचा खोटेपणा असा भर सभेत मान्य करणारे परराष्ट्रमंत्री कोणत्याही देशात विरळाच. जर्मनीच्या एकीकरणाचा मार्ग मोकळा करणाऱ्या १२ सप्टेंबर १९९० च्या करारावर सोव्हिएत संघातर्फे त्यांचीच सही आहे.

सेनापती आणि जुने पक्षनेते यासाठी त्यांना क्षमा करणार नव्हते. २० डिसेंबर १९९० रोजी क्रेमलिनमधील लोकप्रतिनिधींच्या महासभेत, गोर्बाचेव्ह यांनाही आधी न सांगता, हुकूमशाही येत आहे असा इशारा देऊन त्यांनी राजीनामा दिला. आठ महिन्यांनी गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धच्या बंडात मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे उतरले, तेव्हा तो इशारा किती नेमका होता हे सर्वांना कळले.

आता जॉर्जियात कसे परतले ते सांगतो. मे १९९१ मध्ये झ्वियाद गामसाखुर्दिया प्रचंड बहुमताने जॉर्जियाचे अध्यक्ष झाले होते, पण वर्ष संपता संपता राजधानी त्बिलिसीच्या मध्यभागी त्यांच्याविरुद्ध तोफा डागल्या गेल्या आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यांना पळावे लागले. सत्ता हाती घेणाऱ्यांत तेंगिझ कितोवानी हा शिल्पकार होता आणि जाबा इओसेलियानी हा एके काळी दरोड्यासाठी तुरुंगात गेलेला नाट्यशास्त्राचा अभ्यासक होता. दोघांकडेही सशस्त्र टोळ्या होत्या. बंदुका होत्या, पण जगाने दार उघडावे असा चेहरा नव्हता, म्हणून त्यांनी शेवर्दनाद्झे यांना बोलावले. ७ मार्च १९९२ रोजी ते त्बिलिसीत उतरले आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेर जॉर्जिया संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. ही बढती की पदावनती, असे एका पत्रात विचारले आहे. मला ती दोन्ही वाटत नाही. जळत्या घरात परत जाण्याचा तो निर्णय होता, आणि त्यात महत्त्वाकांक्षा होती म्हणून त्यातील धैर्य कमी होत नाही.

प्रश्न : ते मनाने कम्युनिस्ट होते की लोकशाहीवादी? दोन्ही दाखले वाचायला मिळतात.

उत्तर : दोन्ही दाखले खरे आहेत. १९७६ मध्ये मॉस्कोच्या पक्ष अधिवेशनात जॉर्जियन लोकांसाठी सूर्य पूर्वेला नव्हे तर उत्तरेला, रशियात, उगवतो, असे म्हणणारे तेच होते. त्यांच्याच सचिवपदाच्या काळात, १९७७ मध्ये, मानवी हक्कांसाठी लढणारे गामसाखुर्दिया आणि मेराब कोस्तावा तुरुंगात गेले. आपण ज्याला कोठडीत पाठवले त्याच्या पदच्युतीनंतर आपण सत्तेवर येणे, ही गोष्ट जॉर्जियातील गामसाखुर्दिया-समर्थक कधीही विसरले नाहीत, आणि त्यांनी ती विसरावी अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल.

पण १४ एप्रिल १९७८ हा दिवसही त्याच सचिवपदाच्या काळातला आहे. सोव्हिएत संघाच्या नव्या राज्यघटनेला अनुसरून जॉर्जियाच्या घटनेचा जो मसुदा झाला, त्यातून जॉर्जियन ही राज्यभाषा असल्याचे कलम वगळण्यात आले होते. हजारो विद्यार्थी त्बिलिसीत विद्यापीठापासून रुस्तावेली रस्त्याने शासनभवनापर्यंत चालत आले. त्या व्यवस्थेत असा जमाव म्हणजे सैन्याला आमंत्रणच; १९५६ मध्ये याच शहरात निदर्शकांवर गोळ्या चालल्या होत्या. शेवर्दनाद्झे यांनी मॉस्कोशी बोलणी केली आणि जमावासमोर येऊन सांगितले, की भाषेचे कलम कायम राहील. रक्ताचा थेंबही न सांडता लोक घरी गेले. जॉर्जियात १४ एप्रिल हा दिवस आजही मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो.

अकरा वर्षांनंतर, ९ एप्रिल १९८९ च्या पहाटे, त्याच रस्त्यावर सोव्हिएत सैनिकांनी फावडी आणि विषारी वायू वापरून शांत जमाव उधळला; सुमारे वीस माणसे मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. शेवर्दनाद्झे तेव्हा मॉस्कोत मंत्री होते आणि त्यानंतर त्यांना त्बिलिसीला धाडण्यात आले. माझ्या मते या दोन एप्रिलमधील अंतर ज्याला दिसले, त्याला हा माणूस समजला. जमावापुढे केव्हा मागे सरावे हे त्यांना कळत होते. याला लोकशाहीची श्रद्धा म्हणावे की नुसती राजकीय समज, यावर वाद घालता येईल. परंतु ज्यांचे प्राण वाचले त्यांच्या दृष्टीने तो वाद फार महत्त्वाचा नाही.

प्रश्न : अबखाझिया हा जॉर्जियाचा काळ्या समुद्राकाठचा स्वायत्त प्रदेश त्यांनी गमावला असे म्हणतात. दोष खरोखर त्यांचा होता का?

उत्तर : सगळा नव्हे, पण बराच. १९८९ च्या जनगणनेत अबखाझियाची लोकसंख्या सव्वापाच लाख होती. तीत जॉर्जियन सुमारे ४६ टक्के आणि अबखाझ सुमारे १८ टक्के. आपल्याच भूमीत अल्पसंख्य झालेल्या अबखाझांची भीती आणि स्वतंत्र जॉर्जियाचे तुकडे होतील ही त्बिलिसीची भीती, दोन्हींना आधार होता. दक्षिण ओसेशिया या फुटू पाहणाऱ्या दुसऱ्या प्रदेशातील लढाई जून १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्याशी करार करून शेवर्दनाद्झे यांनी थांबवली होती. त्यामुळे इथेही बोलण्याने मार्ग निघेल अशी आशा होती. परंतु १४ ऑगस्ट १९९२ रोजी, रेल्वेमार्गाचे रक्षण आणि ओलीस ठेवलेल्यांची सुटका ही कारणे पुढे करून, कितोवानीचे नॅशनल गार्ड अबखाझियात शिरले आणि त्याची राजधानी सुखुमीपर्यंत गेले. कितोवानी हुकमाबाहेर वागला असे नंतर सांगितले गेले. ते खरे मानले तरी ज्याच्या सैन्यावर त्याचा ताबा नाही, त्या राष्ट्रप्रमुखाची जबाबदारी टळत नाही. सैन्याला परत बोलावणे हा मार्ग होता, आणि तो स्वीकारला गेला नाही.

उत्तर काकेशसमधून आलेले स्वयंसेवक आणि रशियन शस्त्रे यांच्या बळावर अबखाझ बाजू सावरली. जुलै १९९३ च्या सोची करारानुसार जॉर्जियाने आपली अवजड शस्त्रे हलवली आणि सप्टेंबरात हल्ला झाला. शेवर्दनाद्झे स्वतः सुखुमीत जाऊन बसले होते आणि २७ सप्टेंबर रोजी शहर पडेपर्यंत तेथेच होते. पासष्ट वर्षांच्या राष्ट्रप्रमुखाने वेढ्यातील शहरात थांबणे हे धैर्य निर्विवाद आहे, पण त्याने शहर वाचले नाही. दोन लाखांहून अधिक जॉर्जियन निर्वासित झाले; अनेक जण स्वानेती या डोंगराळ भागाच्या बर्फाळ खिंडींतून पायी निघाले आणि काही वाटेतच गोठून मेले. लगोलग पश्चिम जॉर्जियात गामसाखुर्दियांच्या समर्थकांनी उठाव केला, तेव्हा रशियाची मदत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तिची किंमत म्हणून जॉर्जियाला पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या राष्ट्रकुलात जावे लागले आणि रशियन लष्करी तळ मान्य करावे लागले. ज्या पित्सुंदाच्या किनाऱ्यावर गोर्बाचेव्ह यांच्याशी ते बोलणे झाले होते, तोही अबखाझियातच आहे.

प्रश्न : तेथील आडनावांच्या शेवटी ‘द्झे’ आणि ‘श्विली’ का येतात?

उत्तर : ‘द्झे’ म्हणजे पुत्र आणि ‘श्विली’ म्हणजे मूल किंवा अपत्य. पहिला प्रत्यय मुख्यतः पश्चिमेकडचा आणि दुसरा पूर्वेकडचा, असे ढोबळमानाने म्हणता येते. स्टालिन यांचे मूळ आडनाव जुगाश्विली होते, हे अनेकांना माहीत असेलच.

प्रश्न : असा जाणता नेता २००३ मध्ये निवडणुकीत गैरप्रकार होऊ देतो आणि मग निमूट पायउतार होतो, याची संगती कशी लावायची?

उत्तर : हा आलेल्या प्रश्नांतला सर्वांत अवघड प्रश्न आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो. १९९३ च्या पराभवानंतर त्यांनी जे केले ते कमी नव्हते. ज्या टोळीप्रमुखांनी त्यांना आणले होते, त्यांना त्यांनी एकेक करून बाजूला सारले आणि १९९५ मध्ये कितोवानी व इओसेलियानी दोघेही तुरुंगात पोहोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी राज्यघटना झाली आणि ऑक्टोबरात लारी हे नवे चलन आले, ज्यामुळे कवडीमोल झालेल्या कूपन-नोटांचे दिवस संपले. नोव्हेंबरात ते सुमारे तीन चतुर्थांश मतांनी अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये मृत्युदंड रद्द झाला आणि १९९९ मध्ये जॉर्जिया युरोप परिषदेत गेला. कास्पियनचे तेल बाकूहून त्बिलिसीमार्गे तुर्कस्तानातील जेहानपर्यंत नेणाऱ्या १,७६८ किलोमीटरच्या वाहिनीचा करार त्यांच्याच चिकाटीचे फळ; देशाचे भौगोलिक स्थान हीच त्याची मालमत्ता आहे, हे त्यांनी ओळखले होते. ऑगस्ट १९९५ मध्ये आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांच्या जिवावर हल्ले झाले. दुसऱ्या वेळी चिलखती मोटारीमुळे ते बचावले.

बिघाड त्यांच्या राज्य करण्याच्या पद्धतीत होता. त्यांनी माणसांचा तोल सांभाळला, पण संस्था उभ्या राहू दिल्या नाहीत. एका गटाला सीमाशुल्क, दुसऱ्याला पोलीस, आप्तांना व्यापार, आणि त्याच वेळी पाश्चात्त्य देशांत शिकून आलेल्या तरुणांना संसदेत जागा, असा तो मेळ होता. प्रत्येक गट दुसऱ्याला अडवी आणि निवाडा अध्यक्षांकडे येई. जॉर्जियन लोक त्यांना ‘तेत्री मेला’, म्हणजे पांढरा कोल्हा, म्हणत ते याच कौशल्यामुळे. मात्र या कौशल्यात तिजोरी रिकामी राहिली. निवृत्तिवेतन महिना १४ लारी होते, जेमतेम सात डॉलर, आणि तेही महिनोन्‌महिने थकत असे. हिवाळ्यात राजधानीतसुद्धा दिवसाचे काही तासच वीज येई, आणि घरोघरी रॉकेलच्या शेगड्या पेटत. १९८९ मध्ये ५४ लाख असलेली लोकसंख्या २००२ च्या गणनेत सुमारे ४४ लाखांवर आली होती. या गणनेत अबखाझिया नव्हता हे खरे, परंतु कामाच्या शोधात देश सोडून गेलेल्यांचा आकडाही तीत मोठा आहे.

ऑगस्ट २००१ मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत न्यायमंत्री मिखाइल साकाश्विली यांनी सहकारी मंत्र्यांच्या आलिशान बंगल्यांची छायाचित्रे सर्वांपुढे धरली. मला या क्षणी नेहमी घड्याळांची ती जुनी गोष्ट आठवते. तीस वर्षांपूर्वी वरिष्ठांच्या लाचखोरीचे पुरावे मांडणारा तरुण आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला होता, आणि त्याने त्या छायाचित्रांवर काहीही केले नाही. साकाश्विली महिन्याभरात मंत्रिमंडळातून बाहेर पडले. रुस्तावी २ या दूरचित्रवाणी वाहिनीवर सुरक्षा खात्याने धाड घातल्यावर लोक रस्त्यावर आले, सगळे मंत्रिमंडळ बरखास्त करावे लागले, आणि ज्यांना शेवर्दनाद्झे यांचे वारस मानले जात होते ते सभापती झुराब झ्वानियाही पद सोडून गेले. आपल्या हाताने घडवलेली पिढी त्यांनी याच दिवसांत गमावली. घटनेप्रमाणे त्यांची दुसरी आणि अखेरची मुदत २००५ मध्ये संपणार होती; त्यामुळे २००३ ची संसदीय निवडणूक म्हणजे वारसाहक्काची लढाई झाली, आणि ती हरण्याची तयारी त्यांच्याभोवतीच्या मंडळींपैकी कोणाचीच नव्हती.

२ नोव्हेंबर २००३ च्या मतदानात हजारो मतदारांची नावे यादीतून गायब होती. स्वतंत्र निरीक्षकांच्या समांतर मोजणीत साकाश्विली यांचा पक्ष पुढे होता, तर अधिकृत निकालात सरकारी आघाडी पहिली आणि अजारियाचे प्रादेशिक सत्ताधीश अस्लान अबाशिद्झे यांचा पक्ष दुसरा. तीन आठवडे निदर्शने चालली. २२ नोव्हेंबर रोजी नव्या संसदेपुढे शेवर्दनाद्झे भाषण करत असताना हातात गुलाब घेतलेले निदर्शक सभागृहात घुसले आणि अंगरक्षकांनी अध्यक्षांना मागच्या दाराने नेले. त्यांनी आणीबाणी जाहीर केली, पण दुसऱ्या दिवशी, रशियाचे परराष्ट्रमंत्री इगोर इवानोव्ह मध्यस्थीसाठी आलेले असताना, साकाश्विली व झ्वानिया यांना क्रत्सानिसी येथील निवासस्थानी भेटून राजीनाम्यावर सही केली आणि आपण घरी जात आहोत, असे पत्रकारांना सांगितले. सैन्य आणि पोलिसांतील अनेक तुकड्या तोवर आज्ञा पाळण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या हे खरे आहे. पण निष्ठावान सैनिक थोडेही उरले असते, तर गोळीबाराला तेवढे पुरतात. इतिहासात अशी उदाहरणे भरपूर आहेत. त्यांनी तो हुकूम दिला नाही. म्हणून मी निवडणुकीतील गैरप्रकार त्यांच्या माथी ठेवतो आणि २३ नोव्हेंबरचा निर्णय १४ एप्रिल १९७८ च्या शेजारी मांडतो. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

प्रश्न : नंतर त्यांचे काय झाले? देश सोडावा लागला का?

उत्तर : नाही. जानेवारी २००४ मध्ये साकाश्विली ९६ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. शेवर्दनाद्झे यांच्या जावयाला पुढच्याच महिन्यात अटक झाली आणि सरकारजमा मोठी रक्कम भरल्यावर सुटका झाली, परंतु स्वतः शेवर्दनाद्झे यांच्यावर खटला चालला नाही. जर्मनीला जाण्याची बरीच चर्चा होती. ते गेले नाहीत. क्रत्सानिसीच्या त्याच घरात ते राहिले आणि भेटीला येणाऱ्या पत्रकारांशी बोलत राहिले. सोव्हिएत काळात देवधर्म न मानणाऱ्या या नेत्याने १९९२ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचा बाप्तिस्मा घेऊन गिओर्गी हे नाव धारण केले होते.

नानुली २००४ मध्ये गेल्या. तिला घराच्या बागेतच पुरण्यात आले. ७ जुलै २०१४ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, शेवर्दनाद्झे यांचे निधन झाले, आणि त्यांचेही दफन त्याच बागेत, तिच्या शेजारी झाले.